अपग्रेड की साफसफाई : रायपुरातील दुरुस्तीच्या टेबलावरून

रायपुरात गेमिंग संगणक मंद झाल्याची तक्रार घेऊन दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्यांची गर्दी एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून वाढू लागते आणि पहिले पाऊस पडून जमीन निवेपर्यंत ती ओसरत नाही, ही गोष्ट या व्यवसायात काही वर्षे घालवलेल्या कारागिराच्या अंगवळणी पडलेली असते. परीक्षा संपून सुट्या लागण्याचा काळ हाच असल्यामुळे मुले अधिक वेळ खेळतात आणि म्हणून तक्रारी वाढतात, असे त्याचे सोपे स्पष्टीकरण दिले जाते, आणि ते काही अंशी खरेही आहे; पण दिवाळीच्या सुटीत तेच संगणक, तेच खेळ आणि तीच मुले असूनही तक्रारी तितक्या का येत नाहीत, याचा उलगडा त्यातून होत नाही. ग्राहक मात्र निदान ठरवूनच आलेला असतो. कार्ड जुने झाले, नवे बसवून द्या, एवढेच त्याचे मागणे असते आणि सोबत आलेल्या वडिलांचा प्रश्नही ठरलेला असतो : “दादा, घ्यावंच लागेल का?” या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर काय काय तपासावे लागते आणि रायपूरसारख्या शहरात त्या तपासणीची सुरुवात खोलीतल्या हवेपासून का करावी लागते, याचा विचार येथे केला आहे.

खेळाचे दृश्य म्हणजे पडद्यावर एकापाठोपाठ उमटणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका असून त्यातील प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात, आणि एका सेकंदात किती फ्रेम उमटतात यावरून खेळ गुळगुळीत चालतो की अडखळतो हे ठरते. एक फ्रेम तयार होताना प्रोसेसर खेळातील घटनांचा हिशेब करतो, म्हणजे कोण कुठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, गाडी भिंतीवर आदळली की नाही हे ठरवून चित्र काढण्याचा आदेश देतो, आणि ग्राफिक्स कार्ड त्या आदेशाप्रमाणे चित्र रंगवते. लग्नघरात एकीने पोळ्या लाटाव्यात आणि दुसरीने त्या भाजाव्यात, तेव्हा दोघींपैकी जिचा हात मंद असेल तिच्याच वेगाने चळत वाढते. भाजणारी खोळंबून बसली असताना तिच्या जागी आणखी चपळ बाई आणली, तर एकही पोळी जास्त होत नाही. रायपुरातच नव्हे, तर कोठेही अपग्रेडवर वाया जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग असा खोळंबून बसलेला भाग बदलण्यात जातो.

याच्याही आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड यांची चिप सायकलच्या साखळीप्रमाणे वापराने झिजून वर्षागणिक मंद होत नाही. ती चालते किंवा बंद पडते. त्यामुळे गेल्या वर्षी जो खेळ नीट चालत होता तोच आज अडखळत असेल, तर चिपच्या भोवतालची परिस्थिती बदललेली असते, किंवा दरम्यानच्या काळात खेळच अद्ययावत होऊन जड झालेला असतो. आणि यांपैकी काहीच घडले नसेल, तर मित्राकडचा नवा संगणक पाहून आल्यावर खेळणाऱ्याची नजर बदललेली असते. शेवटच्या कारणाची लाज बाळगण्याचे काही कारण नाही, फक्त ते कारण म्हणून उघडपणे मान्य करावे, म्हणजे निर्णय सोपा होतो.

परिस्थितीतील बदलांत रायपुरात पहिला मान उष्णतेचा. मे महिन्यात येथील दुपारचे तापमान सरासरीने ४२ अंशांच्या आसपास असते आणि सूर्य रोहिणी नक्षत्रात आल्यावर, म्हणजे साधारण २५ मेपासून, सुरू होणाऱ्या नऊ दिवसांच्या ‘नवतपा’त ते बऱ्याचदा त्याहूनही वर जाते. हवेने थंड होणारी कोणतीही चिप खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही, आणि पंख्याचा वेग व कामाचा भार तोच राहिला, तर ती खोलीपेक्षा जवळजवळ ठरावीक अंशांनीच अधिक तापते. म्हणून डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारे कार्ड मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८८ अंशांकडे सरकू लागते. सरकू लागते, पण पोहोचत नाही, आणि ग्राहकाची तक्रार नेमकी या न पोहोचण्यातून जन्माला येते. २०१६ साली आलेले आणि पुढे कित्येक वर्षे जगभरातील खेळाडूंचे सर्वांत रुळलेले कार्ड ठरलेले जीटीएक्स १०६० हे उदाहरण घेतले, तर त्याची कारखान्यात ठरवलेली तापमानाची मर्यादा साधारण ८३ अंशांची आहे; त्या रेषेजवळ येताच कार्ड आधी पंखे जोरात फिरवते आणि तेवढ्याने भागले नाही, तर स्वतःचा वेग कमी करून उष्णता घटवते. या स्वसंरक्षणाला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. यंत्र शहाणपणाने वागलेले असते. खेळणाऱ्याला मात्र ते म्हातारे झालेले दिसते.

हे ओळखण्याची खूण साधी आहे. खेळ सुरू केल्यावर पहिली आठ-दहा मिनिटे सारे सुरळीत चालून मग फ्रेम घसरू लागल्या, पंख्यांचा आवाज वाढला आणि संगणक काही वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा तीच सुरळीत मिनिटे परत मिळाली, तर दोष उष्णतेचा समजावा; उलट पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत खेळ एकसारखाच मंद असेल, तर उष्णतेच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही. तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी या भागांतील मराठी घरांतून येणाऱ्या संगणकांत एक प्रकार पुनःपुन्हा दिसतो. मुलगा शिक्षणासाठी किंवा पहिल्या नोकरीसाठी पुण्याला असतो, तेथे जोडून घेतलेला संगणक सुटीत किंवा कायमचा घरी आणतो, आणि पुण्यात उत्तम चालणारे यंत्र रायपुरात आल्या आल्या बिघडले, म्हणून वाहतुकीत धक्का बसला असावा असा संशय घेतो. मे महिन्यात पुण्याची रात्र २२-२३ अंशांपर्यंत उतरते, रायपूरची २८ अंशांच्या आसपासच थांबते, आणि जुन्या घरांतील मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत तर ती तेवढीही उतरत नाही. खेळण्याची वेळ रात्रीचीच असल्याने हा फरक थेट फ्रेमच्या आकड्यांत उतरतो, आणि धक्का बिचाऱ्या ट्रकवाल्याच्या माथी येतो.

उष्णतेला धुळीची साथ मिळते, आणि रायपूरची धूळ केवळ रस्त्यावरची तांबूस माती नसते. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे असून तेथे स्पंज आयर्नचे, म्हणजे लोहखनिजातील ऑक्सिजन कोळशाच्या साहाय्याने काढून मिळणाऱ्या सच्छिद्र लोखंडाचे, कारखाने आणि पोलादाच्या गिरण्या आहेत. त्या बाजूच्या वस्त्यांतील गच्चीवर सकाळी अनवाणी फिरले, तर तळवे काळे होतात, हे रायपूरकराला सांगावे लागत नाही. त्याच बाजूच्या बिरगावकडून आलेल्या संगणकाचे कॅबिनेट उघडले की वरून तो बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो, कारण घरच्यांनी फडक्याने पुसलेला असतो. पण प्रोसेसरवरच्या पंख्याचे चार खटके सोडवून तो उचलला की त्याच्या खाली, हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पातळ पत्र्यांच्या तोंडावर, बोटाच्या पेराएवढ्या जाडीचा काळपट थर बसलेला आढळतो. तो चिमटीत धरून ओढला तर अखंड निघून येतो आणि बोटांना तेलकट काजळी लागते. पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो, पण त्याची हवा पत्र्यांपर्यंत पोहोचतच नाही. असा थर काढून, जुनी कोरडी पडलेली थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधील सूक्ष्म फटी भरून उष्णता वाहून नेणारे मलम) पुसून नवी लावली, तर त्याच खोलीत, त्याच भाराखाली तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरल्याचे पाहायला मिळते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. मोकळा सोडला तर तो वाऱ्याने भरधाव फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते आणि त्यातून निर्माण होणारी वीज उलट बोर्डात शिरू शकते.

उष्णतेवर उपाय म्हणून रायपुरात घरोघरी जे केले जाते त्याने एक अडचण सुटून दुसरी उभी राहते. पाण्याने भिजलेल्या गवताच्या किंवा वाळ्याच्या पडद्यांतून हवा ओढणारा मोठा कूलर खोलीत लावला, तर मे महिन्याच्या कोरड्या हवेत खोलीचे तापमान चांगलेच उतरते आणि संगणकालाही त्याचा लाभ होतो. पण कूलरचे तोंड कॅबिनेटच्या दिशेने वळवले, की बारीक तुषार आणि पाण्यातील क्षार आत जाऊन बसतात, रॅमच्या पट्टीच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवर पांढुरका थर येतो आणि संगणक एके दिवशी सुरूच होत नाही. रॅम काढून त्या पट्ट्या शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा बसवणे, हा या व्यवसायातील सर्वांत स्वस्त आणि बऱ्याचदा यशस्वी होणारा उपचार आहे. पाऊस सुरू झाल्यावर तर हवाच दमट असल्याने कूलर गारवा कमी आणि ओल जास्त देतो. तेव्हा तो संगणकाच्या खोलीत न लावणेच बरे.

सफाई झाली, तापमान मर्यादेत आले आणि तरीही खेळ मंद असेल, तेव्हाच अपग्रेडचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो, आणि तो अंदाजाने नव्हे तर मोजून सोडवावा लागतो. एमएसआय आफ्टरबर्नरसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालते आणि खेळ चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमची संख्या, कार्डाचा वापर, प्रोसेसरचा वापर, तापमान आणि वेग दाखवते. फ्रेमची संख्या कुठल्याही मर्यादेने बांधलेली नसताना कार्डाचा वापर सतत ९७-९८ टक्क्यांच्या घरात असेल, तर कार्ड आपली पूर्ण शक्ती लावत आहे आणि तेच मर्यादा आहे. तो वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर कार्ड आदेशाची वाट पाहत बसले आहे. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र हाच नियम लावला, तर फसगत होते. सहा कोर आणि बारा धाग्यांचा प्रोसेसर एकूण वापर ३५ टक्के दाखवत असतानाही खेळाचा मुख्य भार वाहणारा एक धागा शंभर टक्के भरलेला असू शकतो, आणि पडद्यावरील ३५ चा आकडा पाहून प्रोसेसर मोकळा आहे असे मानणारे ग्राहकच नव्हेत, दुकानदारही आढळतात.

संशय उरला तर त्याच्या पुढची चाचणी निर्णायक ठरते. खेळाच्या मांडणीत जाऊन चित्राचे आकारमान १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणावे. पहिल्यात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात, दुसऱ्यात ९ लाख २१ हजार ६००, म्हणजे कार्डाचे रंगकाम निम्म्याहून कमी होते, पण प्रोसेसरचा हिशेब जवळजवळ तेवढाच राहतो. फ्रेम भराभर वाढल्या तर मर्यादा कार्डाची होती. फ्रेम जागच्या जागी राहिल्या तर कितीही महागडे कार्ड आणले, तरी जुन्या पडद्यावर त्याचा उपयोग नाही. काउंटर-स्ट्राइक २ सारखा स्पर्धात्मक खेळ कमी तपशिलावर खेळणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा प्रोसेसर आडवा येतो, तर सायबरपंक २०७७ सारखा दृश्यप्रधान खेळ कार्डाला घाम फोडतो. म्हणून ‘कोणता खेळ’ हे विचारल्याशिवाय सल्ला देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पैसा न लागता सुटणारे काही दोष मोजमापाच्या वेळीच उघडे पडतात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या छिद्रात खोचलेली असणे हा त्यांतला सर्वांत विनोदी प्रकार असून तो वाटतो तितका विरळ नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजच्या मांडणीत तो ६० वरच ठेवलेला असतो. ३२०० वेगाची रॅम बायोसमध्ये योग्य पर्याय चालू न केल्यामुळे २१३३ किंवा २४०० वर चालत असते, किंवा दोन पट्ट्यांऐवजी एकच पट्टी लावल्याने स्मृतीकडे जाणाऱ्या दोन मार्गांपैकी एक बंद राहतो. या शेवटच्या बाबतीत आणखी एक पट्टी एवढाच काय तो खर्च.

जेव्हा नवा भाग खरोखरच लागतो, तेव्हा त्याचे कारण अलीकडे वेगापेक्षा क्षमतेत अधिक सापडते, म्हणजे जुने यंत्र एखादे काम हळू करते असे नसून ते करूच शकत नाही. प्रकाशकिरणांचा मार्ग गणिताने शोधून सावल्या व प्रतिबिंबे काढण्याच्या पद्धतीला रे ट्रेसिंग म्हणतात. डिसेंबर २०२४ मधील इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ मधील डूम : द डार्क एजेस या खेळांना ती सोय असलेले कार्डच लागते. सायबरपंकने २०२३ मधील मोठ्या बदलानंतर फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क किमान अपेक्षेतून काढून एसएसडी मागितली. जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या खेळांना अनुसरून ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले असून पुढील तीन वर्षे केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायच्या आहेत. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. अशा वेळी सफाईने भागेल असे सांगणे हीदेखील दिशाभूलच होय. मात्र येथेही संपूर्ण संगणक टाकून द्यावा लागतोच असे नाही : एएमडीच्या एएम४ बैठकीचे अनेक जुने बोर्ड बायोस अद्ययावत केल्यावर रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर घेतात आणि बोर्ड, रॅम, कॅबिनेट सारे कायम राहते. हे अद्ययावतीकरण जुना प्रोसेसर काढण्याआधी करावे, आणि जूनच्या वादळी संध्याकाळी तर यूपीएसशिवाय मुळीच करू नये, कारण मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

एसएमपीएस, म्हणजे घरातील वीज संगणकाला लागणाऱ्या दाबात बदलून देणारा डबा, ग्राहकाच्या यादीत कधीच नसतो. जीटीएक्स १०६० ला १२० वॅट लागतात आणि २०२३ च्या आरटीएक्स ४०६० ला ११५, म्हणून ती अदलाबदल बहुधा निर्वेध पार पडते. पण त्याच जागी १७० वॅटचे आरटीएक्स ३०६० किंवा १८५ वॅटचे जुने आरएक्स ५८० आणले आणि डबा कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असला, तर भर खेळात संगणक अचानक बंद पडू लागतो आणि दोष नव्या कार्डावर येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांच्या साहाय्याने होणारे खाणकाम थांबवल्यावर बाजारात आलेली वापरलेली कार्डेही अजून हातोहात फिरत असतात; ती घेऊ नयेत असे नव्हे, पण विकणाऱ्याच्या दुकानात, शक्यतो उन्हाळी दुपारी, अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

अपेक्षेच्या प्रश्नालाही आकड्यांची मदत होते. सेकंदाला ३० फ्रेमवरून ६० वर गेले, तर दोन चित्रांतील अंतर सुमारे ३३ मिलिसेकंदांवरून १६.७ वर येते, आणि हा फरक कोणालाही जाणवतो. १४४ वरून २४० वर गेल्यावर मिळणारी बचत जेमतेम २.८ मिलिसेकंदांची असते. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला तीही मोलाची वाटेल, पण दिवसा त्याच यंत्रावर महाविद्यालयाचे काम करून रात्री तासभर खेळणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी तिच्यासाठी कार्ड, मॉनिटर आणि प्रोसेसर तिन्ही बदलण्याचा आग्रह धरणे अवाजवी आहे. त्यातच २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी स्मृतिचिपांचे उत्पादन आपल्याकडे ओढू लागली, आणि ‘सोळाचे बत्तीस करून टाका’ हा पूर्वीचा बिनधोक सल्ला महाग झाला.

सल्ला देणाऱ्याचे हितसंबंधही येथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सफाई, पेस्ट आणि तासभराची चाचणी यांच्या मजुरीवर ग्राहक घासाघीस करतो, तर नव्या कार्डाच्या १८ टक्के जीएसटीसह येणाऱ्या बिलावर तो अभिमानाने सही करतो. दुकानाचे भाडे कशातून निघते हे वेगळे सांगायला नको. मोजमापासाठी पैसे मोजण्याची सवय लागत नाही तोवर मोजमाप न करता भाग विकणारेच टिकतील, आणि याचा दोष एकट्या दुकानदाराकडे जात नाही.

तेव्हा रायपुरातील वाचकाने एवढे करावे : कॅबिनेट उघडून आतली सफाई करून घ्यावी, मग नवतपातील एखाद्या रात्री आपला नेहमीचा खेळ अर्धा तास खेळून खोलीचे तापमान, कार्डाचे तापमान, कार्डाचा वापर आणि फ्रेम हे चार आकडे सुरुवातीला व शेवटी कागदावर लिहावेत, तीच नोंद १२८० गुणिले ७२० वर पुन्हा करावी, आणि दुकानात शिरताना ‘नवे कार्ड दाखवा’ म्हणण्याआधी तो कागद पुढे करावा. तो वाचून जो दुकानदार प्रश्न विचारू लागेल त्याच्याकडून खरेदी करावी. जो न वाचता खोके काढेल त्याच्याकडून करू नये.